आजीच्या बटव्यात ही बाटली नव्हती

गेल्या श्रावणातली गोष्ट. लिहू की नको असे करता करता वर्ष उलटले. चूक झाली की ती वहीत आपल्या हाताने नीट लिहून काढायची, असे मी शाळेत मुलांना तेहेतीस वर्षे सांगत आले. तेव्हा आता माझी पाळी.

त्या आठवड्यात माझी सहा वर्षांची नात माझ्याकडे राहायला होती. मुलगा आणि सूनबाई एका लग्नासाठी परगावी गेली होती. रात्री साडेदहाच्या सुमारास पोरीची दाढ दुखायला लागली. मुलांची दाढ नेहमी रात्रीच दुखते, दवाखाने बंद झाल्यावर. मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरून झाल्या, दोन गोष्टी सांगून झाल्या, पण रडे थांबेना. मग मला कपाटातली लवंगेच्या तेलाची बाटली आठवली. कापसाचा बोळा केला, त्यावर बाटली उपडी केली, बोळा चांगला निथळेपर्यंत भिजवला आणि तिच्या दाढेवर दाबून धरला. ती ओरडली, "आजी, झोंबतंय!"

मी म्हटले, "झोंबतंय म्हणजे औषध लागू पडतंय. धर थोडा वेळ."

हे माझे वाक्य मला अजून विसरता आलेले नाही.

सकाळी पाहते तो दाढेजवळची हिरडी आणि गालाची आतली बाजू पांढरीफटक पडलेली. दुपारपर्यंत तिथली साल सुटायला लागली. पोर पाणीसुद्धा प्यायला तयार होईना. दातांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तोंडात दिवा धरून पाहिले आणि म्हणाले, "आजी, दाढ किडलीय ते वेगळं. पण हे जे दिसतंय ना, ते भाजलंय." मग त्यांनी विचारले, "किती थेंब घातले होते?"

मला सांगता येईना. आयुष्यभर ज्या बाईने मुलांना "किती? नक्की आकडा सांग" असे दरडावून विचारले, तिला थेंबांचा आकडा ठाऊक नव्हता.

आठ-दहा दिवसांत पोर बरी झाली. सूनबाई मला एक शब्दही बोलली नाही. पण माझ्या कपाटातली ती बाटली त्या दिवसापासून दिसेनाशी झाली. ती बोलली असती तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटले.

असो. झाले ते झाले. पण मी शिक्षिका. मला प्रश्न पडला की, मी इतकी निःशंक कशी होते? गोळी द्यायची असती तर मी चष्मा लावून वेष्टन वाचले असते, मुलाला फोन केला असता. तेलाची बाटली मात्र बिनधास्त उपडी केली. का? तर ते 'नैसर्गिक' म्हणून. आजीच्या बटव्यातले म्हणून.

मग मी माझ्या आजीचा बटवा आठवून पाहिला. खणाचा होता, तोंडाला नाडी. त्यात सुंठ, हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा, ज्येष्ठमध, ओवा आणि लवंगा असत. दात दुखला की आजी एक लवंग द्यायची आणि सांगायची, "दाढेखाली धर, चावू नको." एक लवंग. बाटली त्या बटव्यात नव्हतीच. ती बाटली मी औषधाच्या दुकानातून आणली होती आणि मनातल्या मनात आजीच्या बटव्यात टाकून दिली होती.

भाषा शिकवणारी म्हणून मला वाटते, थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. 'तेल' हा शब्द तिळावरून आला. तिळाचे ते तैल. खोबरेल, करडई, शेंगदाणा ही सगळी घाण्यातून पिळून काढलेली तेले. ती आपण भाजीत घालतो, बाळाला चोळतो. लवंगेचे, निलगिरीचे किंवा गवती चहाचे तेल हे त्या जातीचे नव्हेच. वनस्पतीतून वाफ सोडतात, वाफेबरोबर सुगंधी द्रव्ये निघून येतात, वाफ गार केली की पाणी आणि ही द्रव्ये वेगळी होतात. त्याला इंग्रजीत 'इसेन्शियल ऑइल' म्हणतात. कागदावर खोबरेलाचा थेंब टाका, डाग वर्षभर राहील. निलगिरीचा टाका, थोड्या वेळात उडून जाईल. दोन अगदी निराळ्या वस्तू, पण नाव एकच, 'तेल'. म्हणून हातही तितकाच सैल सुटतो.

आता थोडे गणित करू. गणित माझा विषय नव्हे, पण हे सातवीच्या मुलालाही जमेल. वाळलेल्या लवंगेत वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के सुगंधी तेल असते. एका लवंगेचे वजन दहावा भाग ग्रॅम धरू. म्हणजे एका लवंगेत तेल १५ ते २० मिलिग्रॅम. बाटलीतला एक थेंब साधारण ४५ ते ५० मिलिग्रॅमचा. म्हणजे एका थेंबात अडीच-तीन लवंगांचे सगळे तेल आले. माझा बोळा निथळत होता. त्यात वीस थेंब तरी सहज असतील. म्हणजे मी सहा वर्षांच्या पोरीच्या एका दाढेवर पन्नास-साठ लवंगांचा अर्क एकदम दाबून धरला होता. आजीने पन्नास लवंगा एका वेळी कुणाच्या तोंडात कोंबल्या असत्या का?

शिवाय आजीच्या लवंगेतून तेल हळूहळू सुटायचे, लाळेत मिसळायचे. झोंबले तर थुंकून टाकायची सोय होती.

लवंगेच्या तेलात मुख्य द्रव्य असते ते युजेनॉल, बहुधा ७० ते ९० टक्के. ते बधिरता आणते, जंतू मारते. दातांचे डॉक्टरही झिंक ऑक्साइडच्या भुकटीत ते कालवून दातात भरतात. म्हणजे औषध खोटे नाही. अन्न आणि आरोग्य या विषयांवरच्या दोन जागतिक संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८२ साली युजेनॉलची रोजची मर्यादा ठरवली, ती शरीराच्या दर किलो वजनामागे अडीच मिलिग्रॅमपर्यंत. वीस किलोच्या मुलाला दिवसाला ५० मिलिग्रॅम. म्हणजे तेलाचा जेमतेम सव्वा-दीड थेंब. ही मर्यादा जन्मभर रोज पोटात जाण्यासाठीची आहे, एका रात्रीची नव्हे. तरी अंदाज येतो. १९९३ साली ब्रिटनमधल्या बालरोगाच्या एका नियतकालिकात दोन वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापून आली होती. त्याने लवंगेचे तेल ५ ते १० मिलिलिटर, म्हणजे एक-दोन चमचे, प्यायले. तो बेशुद्ध झाला, त्याच्या यकृताला इजा झाली, रक्त गोठण्याची क्रिया बिघडली. मूल वाचले, पण थोडक्यात.

हे सगळे मला कुणी सांगितले? माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. दहावीला माझ्या वर्गात होती, निबंधात शुद्धलेखनाच्या चुका फार करायची. आता पेशींवर प्रयोग करते. मी तिला फोनवर झाला प्रकार सांगितला तेव्हा ती म्हणाली, "बाई, एकदा प्रयोगशाळेत या. तुमच्या नातीच्या गालाचं काय झालं असेल ते दाखवते." गेले. आणि बी. ए. मराठी झालेल्या बाईला जे समजले ते तुम्हालाही समजेल, म्हणून सांगते.

आपल्या हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची एक चपटी थाळी असते. तिच्यात ९६ खळगे, ओळीने आठ आणि बारा. प्रत्येक खळग्यात गुलाबी रंगाचे पोषक पाणी आणि तळाला माणसाच्या कातडीच्या हजारो जिवंत पेशी. त्यांना अंगाइतकी ऊब लागते, ३७ अंश. म्हणून थाळी उबदार पेटीत ठेवतात. मी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. फरशीच्या तुकड्यांसारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या. मी विचारले, "या कुणाच्या?" तिने सांगितले, या जातीच्या पेशी मुळात जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी वाढवल्या, १९८८ साली त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. त्या एका ६२ वर्षांच्या गृहस्थांच्या पाठीच्या कातडीच्या. तेव्हापासून त्या वाढतच आहेत आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जात आहेत. आपल्याकडे पुण्याला विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था आहे. अशा नाना तऱ्हेच्या पेशी सांभाळून देशातल्या प्रयोगशाळांना पुरवणे हे तिचे एक काम. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असलेल्या एका अनोळखी माणसाची कातडी आपल्या सगळ्यांच्या वतीने तेलाची परीक्षा देते आहे, हे ऐकून मला कसेसेच झाले आणि बरेही वाटले.

परीक्षा अशी. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी ते एका द्रावकात विरघळवतात. मग त्याची मात्रा पायरीपायरीने कमी करत एकेका खळग्यात घालतात. काही खळग्यांत नुसता द्रावक, काहींत काहीच नाही, म्हणजे दोष कुणाचा ते कळावे. ही तेले उडणारी, त्यामुळे एका खळग्यातली वाफ शेजारच्या खळग्यातल्या पेशींनाही बाधते. तेवढ्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. मग बहुधा एक दिवस थांबायचे. दुसऱ्या दिवशी एक पिवळे द्रव्य घालायचे. जिवंत पेशी त्या पिवळ्याचे जांभळे करते. मेलेली पेशी करत नाही. जितके जांभळे गडद तितक्या पेशी जिवंत. ही युक्ती टिम मॉसमन या शास्त्रज्ञाने १९८३ साली प्रसिद्ध केली आणि आजही ती रोज वापरात आहे. निम्म्या पेशी ज्या मात्रेला मरतात, ती मात्रा नोंदून ठेवायची.

मला तिने एक थाळी दाखवली. डावीकडे छान जांभळट, उजवीकडे सरकावे तसा रंग फिका होत शेवटी नुसता पिवळा. त्या पिवळ्या ओळीकडे पाहताना मला पोरीचा पांढरा पडलेला गाल आठवला.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी लवंगेच्या तेलाची अशीच परीक्षा घेतली. २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसाच्या कातडीतल्या पेशींना हे तेल ०.०३ टक्के इतक्या विरळ मात्रेतही मारक ठरले, आणि त्यातला ७३ टक्क्यांपर्यंत परिणाम एकट्या युजेनॉलचा होता. ०.०३ टक्के म्हणजे किती? एक लिटर पाण्यात सहा थेंब. आणि मी निव्वळ तेल लावले होते. त्याच मंडळींनी २००४ साली लॅव्हेंडरच्या तेलाची परीक्षा प्रसिद्ध केली होती. लॅव्हेंडर म्हणजे या सगळ्यांत सौम्य समजले जाणारे, थेट कातडीला लावा म्हणून सांगितले जाणारे. ते ०.२५ टक्क्यांना पेशींना घातक ठरले.

आता इथे घाई करायची नाही. माझ्या विद्यार्थिनीने मला तीनदा बजावले, "बाई, खळग्यातली पेशी म्हणजे माणूस नव्हे." आपल्या कातडीवर मेलेल्या पेशींचा एक थर असतो, तो ढालीसारखा. खळग्यातल्या पेशींना ती ढाल नाही. अंगात रक्त फिरते, ते द्रव्य वाहून नेते. खळग्यात ते साचून राहते. तेव्हा थाळीत पेशी मेल्या म्हणजे लवंग विषारी, असे होत नाही. नाहीतर उद्या लोक मसालेभातातल्या लवंगा वेचून टाकायला लागतील! गालाच्या आत मात्र हाताच्या कातडीसारखी ती जाड ढाल नसते. थाळीतली गोष्ट म्हणूनच माझ्या नातीच्या गालाला जास्त लागू पडली.

उलट बाजूही आहे. थाळीत पेशी सुखरूप राहिल्या म्हणजे वस्तू निर्धोक, असेही नाही. याचे उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरातले आहे, वेखंड. बाळगुटीत वेखंड उगाळायची आपली रीत. भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते, काही जातींत तर फारच. ते खाऊ घातलेल्या उंदरांना आतड्यात गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ पासून वेखंड आणि त्याचे तेल खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी घातली. हे द्रव्य मुळात आहे तसे नव्हे, तर यकृताने त्याचे रूप पालटल्यावर अधिक उपद्रवी होते. ते पालटलेले रूप पेशीतल्या जनुकद्रव्याला जाऊन चिकटते. आता कातडीच्या पेशीला यकृत कुठून आणायचे? म्हणून अशा द्रव्यांसाठी यकृताच्या पेशी घ्याव्या लागतात, वेगळ्या कसोट्या लावाव्या लागतात. गंमत म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या वेखंडाच्या एका जातीत हे द्रव्य जवळजवळ नसतेच. नाव वेखंड, पण गुण वेगळे. म्हणून झाडाचे नाव सांगून भागत नाही, त्या बाटलीतले तेल तपासावे लागते.

माझ्या मुलाला मी वेखंडाची गुटी दिली आहे. माझ्या आईने मला दिली. त्यात एक हिशेब होता. पहिल्या महिन्यात सहाणेवर एकच वेढा, पुढे बाळाच्या वयाप्रमाणे वाढवायचे. वेढा हे आजीचे मापच होते. त्या एका वेढ्यात तेल असून असून किती असणार? तरीसुद्धा आज घरात तान्हे मूल आले तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मी वेखंड उगाळणार नाही. आणि वेखंडाच्या तेलाची बाटली तर बाळाच्या खोलीत आणूही देणार नाही.

असे लिहिले की काही मंडळी रागावतात. माझ्या हास्यक्लबातल्या मैत्रिणी तर रागावल्याच. त्यांचे म्हणणे, "आपलं हजारो वर्षांचं ज्ञान, त्याला परदेशी थाळीचा दाखला कशाला?" मलाही पूर्वी असेच वाटे. पण आपल्या परंपरेने तरी 'झाडाचे ते सगळे निर्धोक' असे कधी म्हटले? बिब्बा उततो हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. माझी आजी बिब्बा फोडण्याआधी हाताला खोबरेल चोळून घ्यायची. काजूच्या टरफलातले तेल अंगाला लागले तर फोड येतात. बचनागासारखे जहाल विष वैद्य शोधन केल्याशिवाय वापरत नसत. आजीच्या तोंडी सदा मापे असत. चिमूटभर, गुंजभर, हरभऱ्याएवढे, एक वेढा. मात्रा तिला ठाऊक होती, कारण तिच्या आधीच्या चार पिढ्यांनी ती पाहून, चुकून, भोगून ठरवली होती.

पण ती साक्ष तिने हाताळलेल्या वस्तूपुरती. लवंगेविषयी आजी साक्ष देऊ शकते. वाफेवर काढलेल्या निव्वळ तेलाविषयी नाही, ते तिने पाहिलेच नव्हते. कनौजला पिढ्यान् पिढ्या अत्तरे काढतात, पण ती कानामागे लावायला, बाळाच्या तोंडात घालायला नव्हे. ज्या वस्तूला अनुभवाचा साक्षीदार नाही, तिची साक्ष नव्याने काढावी लागते. ती नातवंडांच्या तोंडात काढायची की प्लास्टिकच्या थाळीत, एवढाच प्रश्न आहे. मी ती नातीच्या तोंडात काढली.

पूर्वी अशी साक्ष सशाच्या डोळ्यात थेंब घालून काढत. प्रसाधनांसाठी प्राण्यांवर प्रयोग करायला भारताने २०१४ साली बंदी घातली. युरोपात त्याआधी, २०१३ साली, प्राण्यांवर तपासलेली प्रसाधने विकायलाही पूर्ण बंदी आली. त्यामुळे माणसाच्या पेशींवरच्या कसोट्यांना महत्त्व आले. आता माणसाच्या पेशींपासून कातडीची पातळ चकतीच वाढवतात, वरच्या मेलेल्या थरासकट, आणि तिच्यावर द्रव्य लावून पाहतात. कातडीला दाह होतो का हे पाहण्याची ही रीत २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियमांत मान्य आहे. म्हणजे थाळी ही पहिली चाळणी, चकती दुसरी, आणि माणसांवरची काळजीपूर्वक चाचणी शेवटची. पहिल्याच चाळणीतून जे पडत नाही त्याबद्दल आपण सावध व्हावे, एवढेच तिचे सांगणे.

आणखी एक गोष्ट मला प्रयोगशाळेत कळली, ती वर्तमानपत्रे वाचणाऱ्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. अधूनमधून बातमी येते, 'अमुक वनस्पतीच्या तेलाने कर्करोगाच्या पेशी नष्ट'. आपण ती कापून ठेवतो, कुणी आजारी असेल त्याला पाठवतो. मीही पाठवली आहे. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, खळग्यात साबणाचं पाणी घातलं तरी कर्करोगाच्या पेशी मरतात. विचारायचं ते हे, की त्याच मात्रेला निरोगी पेशी जगल्या का?" दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी ठेवून दोन्ही आकडे सांगितले नसतील तर ती बातमी अर्धीच. जंतू मारायची, रोगट पेशी मारायची ताकद आणि आपल्या चांगल्या पेशी मारायची ताकद बहुतेक वेळा एकाच द्रव्यात असते. पेशीचे आवरण स्निग्ध असते आणि ही तेले त्यात सहज शिरतात. ते आवरण जंतूचे की आजीच्या लाडक्या नातीचे, हे तेलाला कळत नाही. औषध म्हणायचे ते दोन मात्रांमधल्या अंतराला. ते अंतर मोजल्याशिवाय कळत नाही, आणि ते मोजायचे तर निरोगी पेशींवरची कंटाळवाणी परीक्षा घ्यावीच लागते. त्या परीक्षेची बातमी कधी होत नाही, हे मात्र खरे.

मग करायचे काय? सुगंधी तेले फेकून द्या असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे चारच गोष्टींचे. एक, बाटलीवर मराठीत, माझ्यासारखीला चष्म्याशिवाय दिसेल अशा अक्षरांत लिहिलेले असावे की तेल निव्वळ आहे की पातळ केलेले, किती थेंब किती खोबरेलात मिसळायचे, आणि किती वयाखाली लावायचेच नाही. नुसते 'शंभर टक्के शुद्ध' हा गुण नव्हे, तो इशारा आहे. दोन, झाकण लहान मुलांना सहज न उघडणारे असावे. ऑस्ट्रेलियात लवंग, निलगिरी अशा तेलांच्या बाटल्यांना तसा नियम आहे. तीन, जो विकतो त्याने निरोगी पेशींवरची परीक्षा करून घ्यावी आणि निकाल मागेल त्याला दाखवावा. आणि चार, जी आपल्या हातात आहे ती, थेंब मोजावेत. तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर मोजण्याचीही वेळ आणू नये, सरळ डॉक्टरांना विचारावे. आणि मुलाने तेल प्यायले असेल तर घरी उपाय करत न बसता बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.

शेवटी एक राहिलेच. परवा मी सूनबाईला म्हटले, "ती लवंगेच्या तेलाची बाटली तू नेलीस ना? दे मला परत." ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आई, टाकून नाही दिली मी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." तिने ती जुन्या डब्यातून, अगदी वरच्या फळीवरून काढून दिली. मी वहीचा कागद कापला आणि फळ्यावर लिहायचे तशा ठसठशीत अक्षरांत त्यावर लिहिले, 'निव्वळ. एका थेंबात तीन लवंगा. मुलांच्या तोंडात घालायचे नाही.' कागद बाटलीला चिकटवला आणि बाटली पुन्हा वरच्याच फळीवर ठेवली.

नातीची ती किडलेली दाढ नंतर डॉक्टरांनी भरून दिली. मागच्या आठवड्यात तिने चिठ्ठी वाचली, नुकतीच अक्षरे लावून वाचायला शिकली आहे ना. म्हणाली, "आजी, झोंबतं ते औषध नसतं का?"

मी म्हटले, "नसतं गं. झोंबलं की आधी थुंकून टाकायचं, आणि मग आजीला विचारायचं, किती थेंब घातलेस?"